चहाचा कप

"नमुना कुठे आहे?" विभागप्रमुखांनी पुन्हा विचारलं.

"आणलाय, सर," ताई म्हणाली. "आधी माझं ऐकून तर घ्या."

अभियांत्रिकी विद्याशाखेत कृत्रिम हातावर संशोधन करायला एकच जागा निघाली होती. वयाच्या अटीमुळे ताईला ही शेवटची संधी. नियम साधा होता: आपण बनवलेला हात आणायचा आणि चालवून दाखवायचा. सामान उचलायला सोबत एकाला आणायची मुभा होती. ताईने धाकट्या बहिणीला आणलं होतं, आणि सामान म्हणाल तर दोघींत मिळून एक पर्स.

टेबल अजून ओलं होतं. आधीच्या उमेदवाराने बनवलेल्या हाताने चहाने भरलेला कागदी कप उचलला आणि तिथेच चुरगाळला होता. कप उचलायला लावणं ही विभागप्रमुखांची लाडकी परीक्षा. तिथे भल्याभल्यांचे हात माती खायचे.

धाकटीला काही स्वस्थ बसवेना. तिने भिजणारे कागद बाजूला केले, टेबल पुसलं आणि कोपऱ्यातला थर्मास उचलला. फळ्यापाशी बोलणारी ताई मध्येच अडखळली.

"असू द्या हो, शिपाई येईल," विभागप्रमुख ओशाळले.

"त्यात काय? घरीही चहा मीच करते. ही बसते स्क्रू पिळत." धाकटीने एकेक कप भरून सगळ्यांपुढे ठेवला, एक स्वतःला घेतला. "आणि विसराळू इतकी, की डोकं चिकटलेलं आहे म्हणून बरं. नाहीतर तेही घरी राहिलं असतं."

सगळे हसले. ताई मात्र हसली नाही. ती भराभर आकृत्या काढत राहिली, बोटांना दाब कसा कळतो ते सांगत राहिली. तिला मनातून भीती वाटत होती आणि ती लपतही नव्हती.

विभागप्रमुखांनी चहा संपवून घड्याळ पाहिलं. "कागदावर सगळ्यांचेच हात छान चालतात. तुमची मेहनत दिसतेय, मला वाईटही वाटतंय. पण नमुना घरी राहिला असेल तर तसं सांगा. बाहेर लोक खोळंबलेत."

ताईने खडू खाली ठेवला. "एकच विचारते, सर. चहा नीट मिळाला ना? कुठे सांडला वगैरे नाही?"

"अहो, चहाचं काय घेऊन बसलात?"

ताईने सुस्कारा सोडला आणि बहिणीकडे वळली. "दे गं आता."

"थांब की, घोटभर राहिलाय." धाकटीने निवांत चहा संपवला, कप अलगद टेबलावर ठेवला. मग उजवी बाही कोपरापर्यंत सारली, मनगटापाशी एक पीळ दिला आणि आपला हात काढून विभागप्रमुखांपुढे ठेवला.