धुळवडीच्या तिसऱ्या

‘शहराचे सांडपाणी शुद्ध करूनच खाडीत सोडले जाते,’ असे पालिकेने जाहीर केले. खाली सही कोळीवाड्यातल्या चांगुणाबाईंच्या अभियंता जावयाची. ही शुद्धता खाडीतल्या तिसऱ्यांपर्यंत पोचली नसावी. त्या शिंपल्या खाऊन निम्मा कोळीवाडा आजारी पडला. “पाणी घाण आहे असं तुमच्या जावयाने कबूल केलं, तर सांडपाण्याचा पाइप त्याच दिवशी बंद करतो,” तक्रार घेऊन गेलेल्या चांगुणाबाईंना नगराध्यक्ष हसत म्हणाले होते.

म्हणून धुळवडीला चांगुणाबाईंनी दोघांना शेजारी जेवायला बसवले. रीतीप्रमाणे पहिले ताट जावयाचे. तिसऱ्यांचे सुके बोटे चाटत संपवून त्याने पुन्हा मागितले.

“आई, कुठल्या हो या?”

“तुमच्याच पाइपाच्या तोंडच्या, जावईबापू. शुद्ध पाण्यातल्या!”

जावई मोरीकडे धावला. पंगत हसून लोळली; तिसऱ्या पलीकडच्या निर्मळ खाडीतल्या, चांगुणाबाईंच्या बहिणीने पाठवलेल्या, हे त्याच्याखेरीज सर्वांना ठाऊक होते.

“पाणी शुद्ध आहे ना? मग थुंकता कशाला?” नगराध्यक्षांनी विचारले.

चूळ भरता भरता तो ओरडला, “कसलं शुद्ध, साहेब! यंत्र कधीचं बंद आहे, सगळी घाण सरळ खाडीत जाते!”