पानाखालचं नाव

सिरगानं साइटचं पान खालपर्यंत सरकवलं. तळाशी लिहिलं होतं, शेवटचा बदल: मीरिम. दुसरं पान उघडलं, तिथंही मीरिम. मग तिनं भराभर सगळीच पानं उघडली. जिथंतिथं मीरिमच मीरिम.

डेअऱ्यांना दुधाच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर पुरवणारं बिश्केकमधलं हे छोटं ऑफिस. ते वापरायचं कसं, हे सांगणारी साइट सिरगानं एकटीनं उभी केली होती. साध्या मजकुराच्या फायली. त्यांची पानं आपोआप बनत, आणि फाइलला शेवटचा हात ज्याचा, त्याचं नाव खाली उमटे. इतकी वर्षं ते सिरगाचं होतं. परवा मीरिमनं, या कालच्या पोरीनं, साइटचं रंगरूप बदलताना सगळ्या फायलींतले मथळे एका झटक्यात सारखे केले, आणि झालं. एक ओळ लिहिली नाही बयेनं, पण मालकीण सगळ्या पानांची!

वर साहेब, कुबात, येताजाता म्हणायचा, साइट काय झकास केलीय मीरिमनं. सिरगाचा नुसता जळफळाट व्हायचा. नाव बदलून घ्या म्हणायचीही सोय नव्हती. आपल्याला जळतंय हे जगजाहीर झालं असतं. आणि ती मीरिम धाकटी बहीण ताईला हाक मारते तशी "एझे, एझे" करत मागेमागे असायची. तिचा राग करायचा तरी कसा?

सोमवारी सगळे चहाला बसले होते, तेवढ्यात नारीनच्या डेअरीतून फोन आला. त्यांनी साइटवर लिहिल्याप्रमाणे आधी नवीन वर्ष सुरू केलं आणि जुन्या वर्षाच्या सगळ्या नोंदी पुसल्या गेल्या. नोंदींची प्रत काढून ठेवा, ही सूचना त्याच्या खाली होती. कुबातनं पान उघडलं, तळाशी पाहिलं आणि मीरिमकडे रोखून बघितलं.

तो उलटा क्रम सिरगानंच लिहिला होता, घाईघाईत. तिनं ताटलीतलं एक तळलेलं बोर्सोक उचललं. खरं सांगायचं तर तिला आतून गुदगुल्या झाल्या. मिरव म्हणावं आता नाव.

मीरिमचा चेहरा उतरला, पण ती उठून उभी राहिली. "नाव माझं आहे, तर चूकही माझीच. मी वाचून बघायला हवं होतं. आजच नारीनला जाते आणि त्यांच्या वह्यांवरून नोंदी परत भरून देते."

कुबातचा राग कुठल्या कुठे गेला. "याला म्हणतात जबाबदारी. शिका जरा," तो सगळ्यांना म्हणाला. आजपासून साइट हिच्याच ताब्यात, असंही त्यानं सांगून टाकलं.

हे मात्र अति झालं. कौतुक तिचं, आणि आता चूकसुद्धा तिचीच? सिरगानं हातातलं बोर्सोक ताटलीत टाकलं.

"ते पान मी लिहिलंय. चूक माझी आहे. तिचा काय संबंध?"

कुबात पार विरघळला. "बघा, पोरीला वाचवायला एझे स्वतःवर घेतेय. मोठं मन लागतं त्याला."

"मनबिन काही नाही. पान माझं आहे!"

मीरिमला रडू फुटलं. तिनं सिरगाला घट्ट मिठी मारली. तिच्या खांद्यावरून सिरगा सांगत राहिली, फाइलचा इतिहास उघडून बघा, कुठली ओळ कुणाची ते दिसेल, एकदा उघडून तर बघा. सगळे टाळ्या वाजवत होते.