एकशे बारावा डाव

“कॅमेरा जरा फिरवा मॅडम. पूर्ण खोली दिसू द्या.”

तेजलनं लॅपटॉप उचलला आणि गोल फिरली. कपाट, पंखा, वह्यांचा गठ्ठा, बंद दार. वराळ्यातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दाखवण्यासारखं दुसरं होतंच काय! पडद्यावरचे राजेंद्र सर चष्म्यातून सगळं निरखत होते. ऑनलाइन पोकर स्पर्धेच्या चौकशी समितीचे ते प्रमुख. हा माणूस कधी हसतो की नाही, कळायला मार्ग नव्हता.

स्पर्धा बिनपैशांची. पहिल्या चौघांना राज्याच्या संघात जागा, एवढंच बक्षीस. तेजल दुसरी आली आणि लगेच कुणीतरी तक्रार केली, की या बाई खेळताना सल्ला देणारं सॉफ्टवेअर शेजारी उघडं ठेवतात.

सॉफ्टवेअर ती वापरायची, हे खरंच होतं. आठ महिने वापरत होती. खेळून झालं की आपले डाव त्याला दाखवायचे. मग ते सांगणार, इथे चुकलात, इथे घाबरलात, इथे उगाच शहाणपणा केलात. तेवढं नियमात बसत होतं. खेळ चालू असताना मात्र त्याला हात लावायचा नाही. तिनं लावला नव्हता. पण न लावलेला हात दाखवायचा कसा? आठ महिन्यांत ती इतकी सुधारली होती, की अंतिम फेरीतले तिचे बहुतेक डाव सॉफ्टवेअर सांगेल तसेच पडले होते. घ्या! मन लावून अभ्यास केला, तोच अंगाशी आला.

आणि ही बाई कोण, तर तळेगावच्या शाळेत गणित शिकवणारी. परीक्षेत बाहीत लपवलेली चिठ्ठी तिला दारातूनच दिसायची. कॉपी करणारी पोरं तिच्या नावानं चळाचळा कापत. सोमवारी फसवणाऱ्यांच्या यादीत तिचंच नाव लागलं, तर वर्गात कोणत्या तोंडानं उभं राहायचं? दोन दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

राजेंद्र सर एकेक डाव विचारत होते. हा का खेळलात? इथे का थांबलात? तेजल फळ्यावर गणित सोडवावं तशी पायरी पायरीनं सांगत होती. ती जितकं बरोबर सांगे, तितका सरांचा चेहरा गंभीर होई.

“एकशे बारावा डाव,” सर म्हणाले.

नेमका तोच! हा डाव तिनं सॉफ्टवेअरला दाखवलाच नव्हता. नवऱ्यालाही सांगितला नव्हता. शेवटी दोघंच उरले होते. समोरच्याकडे मूठभर चिप्स, तिच्याकडे ढीग. त्यानं होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या पुढे सरकवल्या. तिच्या हातात दोन राण्या, बदामाची आणि इस्पिकची. एक बटण दाबलं की पहिला नंबर जवळजवळ खिशात. आणि तिनं पत्ते टाकून दिले! पुढच्या अर्ध्या तासात तो गडी वर चढत गेला आणि जिंकला.

“समोरच्याकडे मूठभरच चिप्स होत्या. राण्या का सोडल्यात?”

तिला उत्तर माहीत होतं. पण ते इतकं खुळं होतं, की तोंडातून फुटेना.

“चुकले,” ती पुटपुटली.

“तसं नाही चालणार मॅडम. कारण सांगा.”

तेवढ्यात दार ढकलून निवृत्ती आबा आत आले. तिचे सासरे. सकाळीच वडिवळ्याहून आले होते. बाहेरच बसा, म्हणून तिनं त्यांना हात जोडून सांगितलं होतं. चौकशीच्या वेळी खोलीत दुसरं माणूस दिसलं, की सगळं संपलंच. तेजलनं डोळेच मिटून घेतले.

“दाराआडनं ऐकलं म्या. ती न्हाई सांगायची, म्या सांगतो,” आबा लॅपटॉपसमोर वाकले. “पत्तं तिला म्या शिकवलं. आमच्याकडं चिंचोक्यांवर खेळत्यात. समोरच्याकडं चारच चिंचोकं उरलं, का त्याला एक डाव सोडायचा. त्याला डावातनं उठवायच्या आदी एकदा. लगीन झाल्यापास्नं ती आमच्यात तशीच खेळती. हाताला वळण पडलंय तिच्या.”

“आबा, अहो…”

“थांब गं! व्हय सायेब, चुकलीच ती. लय मोठी चुकली. पर चोर न्हाई.”

 राजेंद्र सरांनी चष्मा काढून पुसला. मग चक्क हसले.

“खोलीत दुसरं कुणी चालत नाही, पण असू द्या. मॅडम, हे खरं?”

“हो सर. डोकं नाही म्हणत होतं, पण हात आधीच गेला. फार लाज वाटते.”

“लाज कसली! तुमचे सगळे बरोबर डाव बघून मीच घाबरलो होतो. एखादी धडधडीत चूक सापडावी म्हणून दोन दिवस डोळे फोडतोय. ही सापडली, पण संशय येऊ नये म्हणून मुद्दाम केली असली तर? म्हणून कारण ऐकायचं होतं. शेजारी सॉफ्टवेअर उघडं ठेवणारा माणूस पहिला नंबर असा हातचा घालवत नाही. आणि असला खुळेपणा कुठलंही सॉफ्टवेअर शिकवत नाही. तक्रार इथेच मिटली. तुम्ही संघात आहात.”

हुश्श! तेजल खुर्चीत मागे कलली आणि हसता हसता रडायलाच लागली. मग उठून तिनं दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर वरणभात खाल्ला. आबा समोर बसून वाढत होते.

संध्याकाळी आबा लोकलनं कामशेतला उतरले आणि पेढ्यांचा पुडा घेऊनच वडिवळ्यात शिरले. भेटेल त्याच्या हातावर पेढा. शेजारच्या चिमाबाईंना काही राहवेना.

“कसलं पेढं ओ, आबा? सून जिंकली का काय?”

“जिंकली न्हाई,” आबा छाती फुगवून म्हणाले, “चुकली!”