सेजचा काढा

बाळ रडून रडून थकलं होतं. आठवड्याभरात सुनेचं दूध आटत आलं होतं. बाळाचं वजन करायला घरी आलेल्या नर्सने ओट्यावरचं पातेलं हुंगलं.

"हे काय?"

"सेजच्या पानांचा काढा. तुळशीच्या कुळातलं विलायती झुडूप, परसात पिढ्यान्‌पिढ्या आहे," सासूबाई म्हणाल्या. "हिचा घसा बसलाय ना! आमच्याकडचं पिढीजात औषध."

"घशाला उत्तमच, काकू. पण याने दूध आटतं. आजच बंद करा, येईल परत."

सुनेने घोगऱ्या आवाजात विचारलं, "आई, तुम्हाला ठाऊक होतं?"

सासूबाईंनी पातेलं उचलून मोरीत रिकामं केलं.

"देवाशपथ नाही गं. माझी थोरली लेक दुधावाचूनच गेली. तेव्हा माझ्या सासूबाई मला रोज स्वतःच्या हाताने हाच काढा द्यायच्या."

त्यांनी रिकामं पातेलं पालथं घातलं.

"आणि माझा घसा तर बसलाच नव्हता."