जामीनदाराची झोप

"कर्ज माझं नाहीच, मग माझी झोप का कापताय?" चार रात्री डोळ्याला डोळा न लागलेल्या सुषमा ढगेनं कर्ज-सल्लागाराला विचारलं.

त्यानं तिच्या मनगटावरची झोप मोजणारी पट्टी तपासली. "कुणाला जामीन आहात?"

"शाळेतल्या कदमबाईंना. त्या मला, मी त्यांना. स्टाफरूममध्ये सगळेच एकमेकांना जामीन राहतात."

"कदमबाई सोमवारी वारल्या. पैसे नव्हते म्हणून झोपेनं हप्ते फेडत होत्या. त्यांच्या अजून अकरा रात्री तुमच्याकडे आल्यात."

"सलग अकरा? मी वाचेन का?"

"बाईंना नववी झेपली नाही," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "पण काळजी नको. फॉर्मवर तुमच्या पश्चात मुलीचं नाव आहे."

सुषमा धावत बाहेर आली. बाकावर बसलेल्या लेकीचं डोकं मांडीवर ओढत म्हणाली, "झोप गं. आत्ताच झोपून घे."