बर्नाबीचे आरमारतज्ज्ञ

"पण तेल कुठे भरणार?" सहकारी चित्राने विचारलं.

जनार्दन बेंद्रे हसला. कॅनडात, बर्नाबीतल्या त्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये त्याचं हे हसू सगळ्यांच्या ओळखीचं होतं. नकाशावर त्याने आताच कॅनडाच्या सहा युद्धनौका तैवानच्या सामुद्रधुनीत नेऊन उभ्या केल्या होत्या. अमेरिका आणि चीन समोरासमोर, मध्ये कॅनडा. आणि ही बाई तेलाचं विचारत होती.

"चित्रा, मी स्ट्रॅटेजीबद्दल बोलतोय. गॅस स्टेशनबद्दल नाही."

"सहा नौका एका वेळी निघतच नाहीत, सर. काही कायम दुरुस्तीला असतात. खलाशीही पुरेसे नाहीत." एवढं बोलून ती पेपर तपासायला वळली.

हिला बंदरं, गोद्या आणि सुट्या भागांपलीकडे काही दिसत नाही, असं जनार्दनचं मत होतं. कारकुनी डोकं. तसं त्याचं सगळ्यांबद्दलच काही ना काही मत होतं. डीन मठ्ठ, विद्यार्थी फक्त पीआरसाठी, कायमचं राहायला मिळावं म्हणून आलेले, ओटावातले अधिकारी झोपलेले.

त्याची किंमत ओळखली ती परदेशातल्या माणसांनी. दोन वर्षांपूर्वी आशियातल्या एका अभ्यासगटाच्या मिस्टर लिमचा ईमेल आला. तुमचा लेख वाचला, दर महिन्याला आमच्यासाठी एक टिपण लिहाल का? कॅनडाची जहाजं पॅसिफिकमध्ये कुठे जातील, कधी जातील, कोणाच्या मदतीला जातील. जनार्दनने बावीस टिपणं पाठवली. प्रत्येकाला उत्तर आलं: अत्यंत मौलिक. वीस वर्षांत कॅनडात हा शब्द त्याच्यासाठी कोणी वापरला नव्हता.

"ही माणसं नक्की आहेत तरी कोण?" बायकोने, वनिताने, एकदा विचारलं होतं. ती फार्मसीत काम करायची.

"तू तुझ्या गोळ्या मोज," तो म्हणाला होता. तिने पुन्हा विचारलं नाही.

गुरुवारी दुपारी घराच्या दारात एक तरुणी उभी राहिली. सुरक्षा खात्याचं ओळखपत्र दाखवून तिने नाव सांगितलं, अक्षता. वाढलेली कॅनडातच, रिचमंड हिलला.

"काका, मी तुमचे सगळे रिपोर्ट्स वाचली आहे," ती म्हणाली.

हिचं मराठी ऐकून जनार्दनच्या कपाळावर आठी पडली. तिने डायनिंग टेबलावर कागदांचा गठ्ठा ठेवला, तेव्हा मात्र ती आठी गेली. त्याचीच बावीस टिपणं होती.

"तो स्टडी ग्रुप फेक आहे. एका फॉरेन नेव्हीचं इंटेलिजन्स युनिट आहे ते."

वनिता मटकन खुर्चीत बसली. कोर्ट, नोकरी, पेपरात फोटो, पुण्यात भावाच्या कानावर जाणं, सगळं एका क्षणात जनार्दनच्या डोळ्यांपुढून गेलं. आणि त्या भीतीच्या तळाशी, त्याला स्वतःलाच लाज वाटेल अशी, एक ऊबही होती. खरंखुरं आरमार आपल्याला वाचत होतं!

"तुम्हाला नेव्हीतलं कोणी माहिती देतं?"

"छे! हा माझा अभ्यास आहे."

"सीक्रेट कागद, फोटो?"

"गरजच काय?"

"चित्रा मॅडमची काही हेल्प?"

"तिची?" एवढ्या भीतीतही त्याला हसू आलं. "तिला यातलं काय कळतं!"

अक्षताने वहीत टिक केली. तिचे खांदे जरा सैल झाले.

"ते लोक तुमचं खूप सीरियसली घेतात, काका. मागच्या स्प्रिंगमध्ये तुमच्या एका नोटवरून त्यांनी तीन जहाजं पार नॉर्थला हलवली."

"तीन?" जनार्दनचा आवाज चिरकला.

"आणि एक सबमरीन."

वनिता रडू लागली. "तेव्हाच विचारलं होतं मी याला! आता काय होणार याचं?"

आयुष्यात पहिल्यांदाच जनार्दनला आपल्या बुद्धीची भीती वाटली. या देशाने घर दिलं, पासपोर्ट दिला, आणि आपण एका शब्दाच्या लोभाने त्याचं नौदल उघडं पाडलं. तो उठून उभा राहिला.

"माझी चूक झाली," तो म्हणाला. हे वाक्य वनिताने त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "काय शिक्षा असेल ती द्या. पण यापुढे मी त्यांना एक ओळही पाठवणार नाही. शपथेवर सांगतो."

अक्षता दचकून पुढे झाली आणि तिने त्याचा हात धरला.

"नको, नको, काका! प्लीज लिहीत राहा. तुम्ही थांबलात तर ते एखाद्या जाणकार माणसाला विचारतील."