डबीतला आवाज

आवाज गेल्याचं केरबांना सोमवारी कळलं. गिरणी उघडली की ते रोज मोबाइलवरून स्वतःच्याच गिरणीच्या खात्यावर एक रुपया पाठवत, आणि पैसे आल्याचं सांगणाऱ्या डबीतून वारलेली बायको बोले, "आले बघा पैसे!" बँकेशी जोडलेल्या ॲप कंपनीने हौसेने दुकानदारांचे आवाज भरून घेतले, तेव्हा तीच पुढे झाली होती. सोमवारी डबी गप्प राहिली.

"काका, बँकेनं ती कंपनी सोडली," शाखेतला साहेब नव्या डबीचं खोकं देत म्हणाला.

"आणि हिचा आवाज?"

"तो त्यांच्याकडेच राहिला. आमच्याकडे काही नसतं."

"ती बँकेचं नाव बघून बोलली होती, साहेब."

संध्याकाळी शेजारणीने विचारलं, "भावजी, दळणाचे पैसे मोबाइलवर पाठवू?"

"नको वहिनी, रोखच द्या."

खोकं अजून उघडायचं राहिलं आहे.